इंग्रजी वाक्य मध्येच तुटतं? वाक्याचा चकवा कसा काढायचा

आधी लक्षणं बघा

शब्द सगळे ओळखीचे आहेत, कोश उघडावा असं काही नाही. वाक्य सुरू केलं, अर्थ लागत गेला आणि शेवटाजवळ एकाएकी सगळं थांबलं. पुढचा शब्द कुठेच बसेना. यासोबत खालच्यापैकी एक-दोन गोष्टी होत असतील, तर दोष तोच आहे ज्याबद्दल मी लिहितेय:

- वाक्याच्या टोकाला एक क्रियापद उरतं आणि त्याला कर्ता सापडत नाही.
- छपाईत चूक झालीय, एखादा शब्द गळलाय, असं ठामपणे वाटतं.
- तेच वाक्य तीनदा वाचलं तरी तिन्ही वेळा त्याच शब्दावर अडकायला होतं.
- अर्थ लागला असं वाटतं, पण "कोणी काय केलं?" असं कुणी विचारलं की सांगता येत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या कॉलेजच्या मुलांना मी बरीच वर्षं इंग्रजी वाचायला शिकवते. दरवर्षी कुणीतरी पेन्सिलने खूण केलेलं एक वाक्य घेऊन येतं आणि म्हणतं, "मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे." बहुतेक वेळा इंग्रजी कच्चं नसतं. वाक्याने चकवा दिलेला असतो. रात्री ओळखीच्या वाटेने निघालेला माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, तेव्हा गावात म्हणतात त्याला चकवा लागला. इथेही वाट ओळखीचीच असते, पण पहिलं वळण चुकलेलं असतं. इंग्रजीत अशा वाक्यांना 'गार्डन पाथ' वाक्यं म्हणतात, कारण त्या भाषेत कुणाला बागेच्या वाटेने नेणं म्हणजे त्याची दिशाभूल करणं.

सगळ्यात गाजलेला नमुना अमेरिकन भाषामानसशास्त्रज्ञ टॉमस बीव्हर यांनी १९७० साली दिला:

"द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल."

(इथे 'फेल' म्हणजे पडला. नापास नव्हे.) घोडा कोठारासमोरून धावत गेला, इथपर्यंत सगळं सुरळीत. मग 'फेल' येतो. कोण पडलं? कोठार? खरा अर्थ असा: कोठारासमोरून पळवलेला घोडा पडला. 'रेस्ड' हे वाक्याचं क्रियापद नाहीच. ते घोड्याचं विशेषण म्हणून आलंय.

तपासणी १: जिथे अडकलात तिथे दुरुस्ती शोधू नका

याला पैसा लागत नाही, वेळही लागत नाही. अडकलेल्या शब्दाखाली रेघ मारा आणि मागे जा.

पावसाळ्यात छताला एका ठिकाणी ओल दिसते आणि पाणी भलत्याच ठिकाणी मुरत असतं. वाक्याचंही तसंच आहे. 'फेल' हा शब्द निर्दोष आहे, तिथे फक्त ओल दिसली. पाणी मुरलं ते 'रेस्ड'पाशी, तुम्ही त्याला मुख्य क्रियापद मानलंत तेव्हा. मुलं नेमकी उलटं करतात. अडलेला शब्द कोशात बघतात, त्याचा सातवा-आठवा अर्थ काढतात आणि तो ओढूनताणून बसवतात. वेळ जातो आणि अर्थाचा अनर्थ होतो तो वेगळाच.

आपलं मन वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत नाही. प्रत्येक शब्द आला की त्याला लगेच जागा देतं आणि ती जागा सगळ्यात सोपी, सगळ्यात जवळची निवडतं. भाषामानसशास्त्रज्ञ लिन फ्रेझियर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस याचे दोन नियम मांडले: मन आधी कमीत कमी गुंतागुंतीची रचना धरतं, आणि नवा शब्द शक्यतो चालू असलेल्या पदबंधालाच, म्हणजे शब्दांच्या गटालाच जोडतं. १९८२ मध्ये त्यांनी आणि कीथ रेनर यांनी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. चकव्याचा उलगडा करणाऱ्या शब्दावर नजर जास्त वेळ थांबते आणि मागे उलटते, हे त्यात दिसलं. म्हणजे मागे वळणं हा कच्चेपणा नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही तेच करतात.

तपासणी २: थांबा हलवून बघा

वाक्याची सुरुवात 'व्हेन', 'व्हाइल', 'बिफोर', 'आफ्टर', 'इफ', 'सिन्स' यांपैकी एखाद्या शब्दाने झाली असेल, तर आधी ही तपासणी. माझ्याकडे येणाऱ्या वाक्यांपैकी बरीच इथेच सुटतात.

"व्हेन द टेनंट लीव्हज द फर्निचर मस्ट बी रिमूव्ड."

भाडेकरू फर्निचर सोडून जातो तेव्हा... काय काढायचं? आता 'लीव्हज'नंतर श्वास घ्या. भाडेकरू जाईल तेव्हा फर्निचर काढलं पाहिजे. लिहिणाऱ्याने एक स्वल्पविराम दिला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

असं का होतं? 'लीव्ह', 'ईट', 'हंट', 'क्लीन', 'स्टार्ट' ही क्रियापदं कर्मासह चालतात आणि कर्माशिवायही चालतात. लगेच पुढे नाम दिसलं की मन ते कर्म म्हणून गिळून टाकतं आणि दुसऱ्या उपवाक्याचा कर्ता पळवला जातो.

मोठ्याने वाचा, असा सल्ला सगळेच देतात. तो अर्धाच खरा आहे. अर्थ न कळता मोठ्याने वाचलंत, तर थांबाही चुकीच्या जागीच घ्याल आणि चकवा आणखी पक्का होईल. म्हणून दोनदा वाचा आणि दुसऱ्या वेळी मुद्दाम वेगळ्या ठिकाणी थांबा.

माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात लागला. तिथल्या मशीनवर पाटी होती: "व्हाइल दि ऑपरेटर क्लीन्स द मशीन मस्ट बी स्विच्ड ऑफ." त्याने फोटो पाठवून विचारलं, बंद करायचं ते नक्की काय? ज्या पाटीवर माणसाची बोटं अवलंबून आहेत, ती दोनदा वाचावी लागते याचा मला आजही राग येतो. त्याने 'क्लीन्स'पुढे मार्करने स्वल्पविराम काढला आणि खाली मराठीत लिहिलं: सफाई चालू असताना मशीन बंदच हवं. माझ्या मते त्या पाटीवरचं सगळ्यात महत्त्वाचं चिन्ह त्याने काढलं.

तपासणी ३: क्रियापदं मोजा

थांबा हलवून काम झालं नाही तर कागद-पेन्सिल घ्या. ही तपासणी मला सगळ्यात प्रिय आहे, कारण ती दोष आहे एवढंच सांगून थांबत नाही, कोणत्या जातीचा आहे तेही सांगते.

वाक्यातली पूर्ण क्रियापदं मोजा. मग जोडणारे शब्द मोजा: 'अँड', 'बट', 'व्हेन', 'इफ', 'दॅट', 'हू', 'विच' वगैरे. क्रियापदांच्या दोन गटांना जोडणारा शब्दच धरायचा. 'मीठ अँड मिरची' इथला 'अँड' नाही. साधा हिशेब असा: क्रियापदं जोडशब्दांपेक्षा एकाने जास्त असायला हवीत.

हिशेब बरोबर येतो आणि तरी वाक्य अडतं, तर दोष थांब्याचा. तपासणी २ पुन्हा करा.

क्रियापदं जास्त भरली तर एक जोडशब्द गुप्त आहे. इंग्रजीला 'दॅट' आणि 'हू वॉज' गाळायची फार सवय.

"द स्टुडंट फरगॉट द सोल्यूशन वॉज इन द बॅक ऑफ द बुक."

'फरगॉट' आणि 'वॉज' अशी दोन क्रियापदं, जोडशब्द एकही नाही. 'फरगॉट'नंतर 'दॅट' घाला. विद्यार्थी उत्तर विसरला नव्हता. उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलंय, हे तो विसरला होता.

'दॅट' घालूनही जमत नसेल तर '-एड' शेपटीचा शब्द पकडा. बीव्हर यांचा घोडा इथे अडकलाय. इंग्रजीत 'रेस्ड' हा भूतकाळही आहे आणि धातुसाधित विशेषणही, रूप एकच. मराठीत हा घोळ होत नाही. आपण 'पळवला' आणि 'पळवलेला' वेगळं म्हणतो. '-लेला' ऐकू आलं की कान टवकारतात, पुढे नाम येणार. जुन्या इंग्रजीतही फरक होता: भूतकाळाचं रूप वेगळं, आणि विशेषणाच्या रूपाला बहुधा पुढे 'ये' असा उच्चार होणारा उपसर्ग. शतकांच्या ओघात उपसर्ग गेला, शेवटचे स्वर झिजले, आणि बहुसंख्य क्रियापदांची दोन्ही रूपं एकसारखी होऊन बसली.

यावर हुकमी उपाय आहे. संशयित '-एड' शब्दाच्या जागी असं क्रियापद ठेवा, ज्याची दोन रूपं आजही वेगळी आहेत: 'टुक' आणि 'टेकन', 'गेव्ह' आणि 'गिव्हन', 'सॉ' आणि 'सीन'. "द हॉर्स टेकन पास्ट द बार्न फेल." लगेच कळतं. 'टेकन' बसला की समजा, तो शब्द मुख्य क्रियापद नाही, '-लेला' आहे. हाच उपाय बातमीतल्या रोजच्या वाक्यावर करा:

"द वर्कर्स मूव्ह्ड टू द नाइट शिफ्ट कम्प्लेन्ड."

'मूव्ह्ड'च्या जागी 'टेकन'. रात्रपाळीत टाकलेल्या कामगारांनी तक्रार केली. कामगार स्वतःहून रात्रपाळीत गेले नव्हते. बातमीचा अख्खा मुद्दाच तो होता.

एक खूण जाता जाता. पहिलं नाम निर्जीव असेल तर चकवा बराच सौम्य होतो. ट्रूजवेल, टॅनेनहाउस आणि गार्न्झी यांच्या १९९४ च्या प्रयोगात 'डिफेंडंट एक्झॅमिन्ड' वाचताना लोक अडखळले, कारण आरोपी स्वतः काहीतरी तपासू शकतो. 'एव्हिडन्स एक्झॅमिन्ड' वाचताना तेवढे अडखळले नाहीत. पुरावा कुणाला तपासणार? म्हणून माणूस किंवा जनावर कर्ता असलेल्या '-एड'वर जास्त संशय घ्या.

आता उलटा प्रकार: क्रियापदं कमी भरली, किंवा एकही सापडलं नाही.

"दि ओल्ड मॅन द बोट."

म्हातारा माणूस, मग होडी, आणि क्रियापद कुठेच नाही. म्हणजे एखादं क्रियापद नामाच्या वेषात बसलंय. 'मॅन' हे क्रियापदही आहे, अर्थ होडीवर माणूसबळ पुरवणं, ती चालवणं. आणि 'ओल्ड' इथे नाम झालंय: वृद्ध मंडळी. वृद्ध मंडळी होडी चालवतात. तसंच "द कॉम्प्लेक्स हाउसेस मॅरीड अँड सिंगल सोल्जर्स अँड देअर फॅमिलीज." इथे 'कॉम्प्लेक्स' म्हणजे संकुल आणि 'हाउसेस' म्हणजे राहायला जागा देतं. 'मॅरीड' क्रियापद वाटतं, पण ते सैनिकांचं विशेषण आहे.

तपासणी ४: कोश, पण नीट

आता कोश उघडायला हरकत नाही. पण अडलेल्या शब्दासाठी नाही. ज्या शब्दावर वेषांतराचा संशय आहे तो काढा, आणि पहिल्या नोंदीवर थांबू नका. 'मॅन', 'हाउस', 'बुक', 'वॉटर', 'फेस', 'प्लांट', 'टेबल', 'बॅक' हे सगळे नाम आहेत आणि क्रियापदही. शब्दाला काहीही न जोडता त्याची जात बदलणं इंग्रजीला सहज जमतं, कारण जात दाखवणारे जुने प्रत्यय बहुतेक गळून गेलेत. आपण 'पाणी'चं क्रियापद करायला निघालो तर 'पाणी घालणं' म्हणावं लागतं. मराठी वाचकाला ही सवय नसते, म्हणून तो एकदा नाम म्हणून शिकलेला शब्द आयुष्यभर नामच धरून चालतो. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या वाचकांची सगळ्यात चिवट सवय हीच.

तपासणी ५: आजूबाजूचं वाचा

सुटं वाक्य जास्त चकवतं. १९९५ मध्ये टॅनेनहाउस आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर खऱ्या वस्तू मांडल्या आणि सांगितलं, "पुट दि ॲपल ऑन द टॉवेल इन द बॉक्स." (म्हणजे टॉवेलवरचं सफरचंद पेटीत ठेवा.) समोर एकच सफरचंद असेल तर लोकांची नजर आधी रिकाम्या टॉवेलकडे गेली. तिथे ठेवायचं असं वाटलं. दोन सफरचंदं मांडली आणि त्यातलं एक टॉवेलवर ठेवलं, तर तशी भूल फारशी पडली नाही. कोणतं सफरचंद हे सांगायला 'टॉवेलवरचं' हवंच होतं. तसंच, मागच्या परिच्छेदात दोन घोडे आले असतील तर 'पळवलेला घोडा' आपोआप सुचतो. परीक्षेतल्या उताऱ्यात अडलात तर दोन वाक्यं मागे जा.

बातम्यांच्या मथळ्यांत मात्र आजूबाजूला काही नसतंच. जागा वाचवायला 'द', 'इज', 'दॅट' सगळं कापलेलं असतं आणि नामांची उतरंड रचलेली असते. "स्क्वॉड हेल्प्स डॉग बाइट व्हिक्टिम." पथकाने कुत्र्याला चावायला मदत केली नाही. कुत्रा चावलेल्या माणसाला मदत केली. मथळा शेवटाकडून वाचा: कोण, 'व्हिक्टिम', कशाचा, 'बाइट', कोणाचा, 'डॉग'. २००९ मध्ये एका मथळ्यात "व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स" असं छापून आलं. १२ ऑगस्ट १९८५ च्या ज्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात ५२० जण गेले, त्याच्याशी नातं असलेली एक व्हायोलिनवादक आता बहरतेय, असं त्यांना म्हणायचं होतं. वाचणाऱ्याला 'क्रॅश ब्लॉसम्स' नावाची फुलं दिसली. तेव्हापासून अशा मथळ्यांचं नावच ते पडलं.

तपासणी ६: सुटलं असं वाटलं तरी एक प्रश्न विचारा

ही तपासणी बहुतेक जण गाळतात आणि मग दोष आठवड्याभराने परत येतो.

"व्हाइल द मॅन हंटेड द डिअर रॅन इन्टू द वुड्स."

'हंटेड'नंतर थांबलात की वाक्य सुटतं: माणूस शिकार करत असताना हरीण जंगलात पळालं. आता सांगा, माणूस हरणाची शिकार करत होता का? वाक्यात तसं कुठेही नाही. तो सशाच्या मागे असेल. क्रिस्टियन्सन, फरेरा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हाच प्रश्न विचारला, तेव्हा वाक्य नीट वाचून झाल्यावरही पुष्कळ लोकांनी 'हो' म्हटलं. पहिला चुकीचा अर्थ पुसला जात नाही, नव्याच्या खाली तसाच राहतो.

म्हणून मी मुलांना वाक्य मराठीत लिहून काढायला लावते. भाषांतराचं ॲप चालणार नाही, ते तुमच्या वतीने एक अर्थ निवडून मोकळं होतं. स्वतः लिहायचं. मराठीत लिहिताना '-ने', '-ला', '-लेला' ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि जिथे हात थांबतो तिथे चकवा अजून शिल्लक असतो.

मराठीला चकवा लागतच नाही असं मात्र समजू नका. "आईने मुलाला मारलेल्या माणसाला ओळखलं." 'मारले' इथपर्यंत आई मुलाला मारत असते. '-ल्या' कानावर पडलं की मारणारा दुसराच निघतो. आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपला चकवा वेगळ्या जागी बसतो, एवढंच.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

वरच्या सगळ्या तपासण्या करूनही दोन अर्थ उभे राहत असतील, तर तो चकवा नव्हे. चकवा तात्पुरता असतो, वाक्य संपलं की एकच अर्थ उरतो. दोन उरले तर वाक्यच दुहेरी आहे, आणि ते शंभर वेळा वाचूनही सुटणार नाही, कारण उत्तर त्या वाक्यात नाहीच. गोष्टीतलं वाक्य असेल तर सोडून पुढे जा. सहकाऱ्याची मेल असेल तर त्यालाच विचारा, त्यात कमीपणा नाही.

औषधाच्या माहितीपत्रकातलं वाक्य असेल तर अंदाज बांधू नका, डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा. भाडेकरार, विम्याची पॉलिसी, नोकरीचा बाँड यांतलं असेल तर सही करण्याआधी वकील. तिथे 'बहुधा असंच असेल' या शब्दांची किंमत मोजावी लागते. अमेरिकेच्या मेन राज्यात ओव्हरटाइम कोणत्या कामांना लागू नाही याची कायद्यात यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. वितरण हे स्वतंत्र काम की वितरणासाठीचं पॅकिंग? ओव्हरटाइम मागणारे एका दूध कंपनीचे ड्रायव्हर माल पोचवत, पॅक करत नसत. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. न्यायाधीशांनाही जे वाक्य वाचून एका अर्थावर येता आलं नाही, तसं वाक्य आपण घरी बसून सोडवायचा हट्ट धरू नये.

वकिलाकडे जाताना नुसतं "हे कळत नाही" म्हणून जाऊ नका. वाक्य जसंच्या तसं उतरवा, त्याखाली तुम्हाला दिसणारे दोन्ही अर्थ मराठीत लिहा, आणि कोणत्या अर्थाने तुमचे पैसे किंवा घर जाऊ शकतं त्यावर खूण करा. मग विचारा: यातला दुसरा अर्थ निघणारच नाही अशा शब्दांत हे कलम पुन्हा लिहून मिळेल का?